प्रतिपालक कुटुंब : पात्रता, निवड आणि जबाबदारी

बालगृहात राहणाऱ्या एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीचा विचार करू. तिचे वडील हयात नाहीत. आई आहे, परंतु दीर्घ आजारामुळे ती मुलीचा सांभाळ करू शकत नाही. आईचा कायदेशीर हक्क कायम असल्याने मुलीला दत्तक देता येत नाही. अशा बालकांचे संपूर्ण बालपण संस्थेतच जावे काय, या प्रश्नाचे उत्तर 'प्रतिपालन', म्हणजेच फॉस्टर केअर, या व्यवस्थेत आहे.

कायदेशीर आधार

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील कलम 20 नुसार, कुटुंबाला पारखे झालेल्या बालकास पर्यायी संगोपन मिळण्याचा हक्क आहे. भारताने ही संहिता 1992 मध्ये स्वीकारली. बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 च्या कलम 44 मध्ये प्रतिपालनाची तरतूद आहे. केंद्र सरकारने त्यासाठी 2016 मध्ये आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या व 2024 मध्ये त्या सुधारित केल्या.

दत्तकविधान आणि प्रतिपालन यांतील भेद विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. दत्तकविधानाने बालक नव्या कुटुंबाचे कायमचे अपत्य होते. प्रतिपालनात मात्र ते अल्प वा दीर्घ कालावधीसाठी कुटुंबात राहते. जन्मदात्यांशी असलेले नाते तुटत नाही. आर्थिक साहाय्यापुरत्या मर्यादित असलेल्या 'प्रायोजकत्वा'पासूनही ही व्यवस्था वेगळी आहे.

पात्रतेचे निकष

2016 च्या सूचनांनुसार केवळ विवाहित दांपत्यालाच प्रतिपालक होता येत असे. 2024 पासून अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित वा कायदेशीररीत्या विभक्त व्यक्तीही पात्र ठरतात. एकल महिला कोणत्याही लिंगाच्या बालकाचे प्रतिपालन करू शकते. एकल पुरुषाकडे मात्र मुलगाच सोपविला जातो. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे. एकल व्यक्तीचे किमान वय 35 वर्षे, तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज किमान 70 वर्षे असावी. कमाल वयोमर्यादा बालकाच्या वयोगटानुसार ठरते.

याखेरीज शारीरिक व मानसिक आरोग्य, बालकाच्या गरजा भागविण्याइतके उत्पन्न, घरात पुरेशी जागा आणि निष्कलंक पूर्वचारित्र्य यांचीही पडताळणी होते. अधिनियमाने कुटुंबाच्या निवडीसाठी योग्यता, हेतू, क्षमता व बालसंगोपनाचा पूर्वानुभव हे चार आधार सांगितले आहेत. यांतील 'हेतू' हा निकष कागदपत्रांवरून सिद्ध होत नाही. घरकामासाठी हात मिळावा म्हणून मूल मागणारे कुटुंब कितीही सधन असले, तरी अपात्रच होय.

निवडीची प्रक्रिया

इच्छुक व्यक्तींना आता ऑनलाइन नोंदणी करता येते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष गृहभेट देऊन कुटुंबाचा अभ्यास अहवाल तयार करतो. बालकाची परिस्थिती व मत विचारात घेऊन अंतिम आदेश बाल कल्याण समिती देते. भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावे, असे कायदा सांगतो. मिशन वात्सल्य योजनेअंतर्गत प्रत्येक बालकामागे दरमहा 4,000 रुपये साहाय्याची तरतूद आहे. हे साहाय्य संगोपनासाठी आहे, मोबदला म्हणून नाही.

जबाबदारी व देखरेख

शिक्षण, आरोग्य व पोषण यांची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबाची असते. समितीने दरमहा पाहणी करावी, अशी तरतूद आहे. कुटुंबात उणिवा आढळल्यास बालकाला दुसरीकडे हलविले जाते. जन्मदात्यांना, बालकाच्या हिताला बाधा येत नसल्यास, ठरावीक काळाने भेटता येते आणि ते सक्षम झाल्याचे समितीने ठरविल्यावर बालक स्वगृही परतू शकते. बालक दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्यास, दोन वर्षांच्या प्रतिपालनानंतर त्याच कुटुंबाला दत्तकाची संधी मिळू शकते; पूर्वी ही मुदत पाच वर्षांची होती.

वरील उदाहरणातील आई बरी झाली, तर मुलगी तिच्याकडे परत जाईल. तेव्हा मुलीला आपलेपणाने वाढविणे आणि वेळ येताच तिला आनंदाने निरोप देणे, या दोन्हींची तयारी ज्या घरात आहे, तेच घर प्रतिपालनास खऱ्या अर्थाने पात्र ठरते. अशी घरे शोधणे व त्यांना सातत्याने आधार देणे, यावरच या तरतुदीचे यश अवलंबून आहे.