शहाणा दिवा

गणेशोत्सव जवळ आला म्हणजे पेणच्या मूर्तिशाळांत रात्री उशिरापर्यंत काम चालते. कोणी मूर्तीला रंग देत असतो, तर कोणी डोळ्यांची आखणी करीत असतो. काम आटोपून कारागीर घराकडे निघतात, तेव्हा पावसाने रस्ते निसरडे झालेले असतात. तिकडे रोह्याजवळील धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळीचे कामगार ये-जा करतात. अशा वेळी वाटेवरचा एखादाच दिवा बंद असला, तरी खड्डा दिसत नाही आणि आडवे गेलेले जनावरही दिसत नाही. एकट्या स्त्रीला तेवढा काळोख ओलांडताना धास्ती वाटते. रस्त्यावरचा दिवा ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. तो वाटसरूचा सोबती होय.

मुंबईच्या रस्त्यांवर इ. स. १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले. दिवाबत्ती करणारा माणूस रोज सायंकाळी खांबाखांबाशी जाऊन ते पेटवीत असे. हे काम कष्टाचे खरे. पण त्यात एक मोठा गुण होता. प्रत्येक दिव्याची विचारपूस रोज होत असे. पुढे वीज आली. एक कळ दाबताच दिव्यांची रांग उजळू लागली. परंतु एखादा दिवा विझला, तर कोणी तक्रार करीपर्यंत त्याची दाद लागेना. कधी भर दुपारी दिवे जळत राहात, तर कधी तिन्हीसांजा होऊनही ते लागत नसत.

हा दोष नव्या यंत्रणेने दूर करता येतो. ह्या यंत्रणेतील दिव्याला उजेड ओळखणारे एक लहानसे उपकरण जोडलेले असते. अंधारून आले की दिवा आपोआप लागतो व उजाडताच मालवतो. मध्यरात्री रहदारी थांबली की तो मंद होतो. काही ठिकाणी माणसाची चाहूल लागताच पुन्हा प्रखर होतो. दिवा बिघडला, तर कोणत्या खांबावरचा ते कचेरीतील पडद्यावर दिसते. दिवाबत्तीवाल्याची ती जुनी विचारपूस अशा रीतीने परत आली आहे. म्हणून अशा दिव्याला शहाणा दिवा म्हणावे.

ह्या शहाणपणाने वीजही वाचते. १५० वॅटचा जुना सोडियम दिवा ११ तास जळला, तर १.६५ युनिट वीज लागते. त्याच्या जागी ७० वॅटचा एलईडी दिवा लावल्यास ०.७७ युनिट पुरते. तोच दिवा मध्यरात्रीनंतर ५ तास निम्म्या शक्तीने चालविला, तर सुमारे ०.६ युनिटच खर्च होते. अशा हजार दिव्यांमागे एका रात्रीत हजाराहून अधिक युनिटांची बचत होते. जुने पथदीप काढून एलईडी दिवे बसविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम भारत सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू केला.

ही बचत केवळ पैशांची नव्हे. रोह्याच्या पूर्वेस, कुंडलिकेच्या खोऱ्यात, भिरा येथे १९२७ पासून जलविद्युत केंद्र आहे. मुळशीच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीवरून नळांतून खाली येते व तेथे वीज निर्माण होते. मुंबईच्या गिरण्या आणि घरे ह्या विजेने उजळली. पण त्याच जलाशयाखाली मावळातील अनेक गावांची घरे आणि भातखाचरे बुडाली. आपल्या जमिनींसाठी तेथील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झालेच; पण त्या शेतकऱ्यांचा त्याग विसरता येत नाही.

प्रत्येक दिव्यामागे कोणाची तरी जमीन, कोणाचे तरी श्रम असतात. जेथे माणूस चालतो, तेथे दिवा अवश्य असावा. जेथे कोणीही नाही, तेथे तो उगाच जळू नये. गरजेला उजेड आणि उधळपट्टीला आळा, हेच दिव्याचे शहाणपण. ते माणसाच्या अंगी आधी यावे लागते.

स्वाध्याय

१. गॅसच्या दिव्यांच्या काळी कोणता गुण होता? तो पुढे का नाहीसा झाला?
२. ‘रस्त्यावरचा दिवा हा वाटसरूचा सोबती होय’ हे विधान उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. मुळशीच्या शेतकऱ्यांची आठवण ह्या पाठात का दिली आहे?
४. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरील दिवे मोजा. बंद असलेल्या दिव्यांविषयी नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस पत्र लिहा.