डडली मूर : हसवणारा वादक

(द्वितीय वर्ष, कला)

विडंबन म्हटले की आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ एवढेच मला माहीत होते. शब्दांची थट्टा शब्दांनीच व्हायची, अशी माझी समजूत होती. गेल्या सत्रात इंग्रजीच्या सरांनी १९६४ साली चित्रित झालेला एक जुना रंगमंचीय कार्यक्रम वर्गात दाखवला आणि ती समजूत मोडली. एक बुटका तरुण पियानोपाशी येऊन बसतो. शब्दही बोलत नाही. नुसता वाजवतो, आणि प्रेक्षागृहात हशा मावेनासा होतो. तो तरुण म्हणजे डडली मूर.

तो वाजवतो ती चाल पलटणीतली आहे. ‘कर्नल बोगी’ ही १९१४ सालची इंग्रजी लष्करी कूचधून. १९५७ च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटात युद्धकैदी हीच धून शीळ घालत येतात. रस्त्यावरच्या पोरानेही गुणगुणावी अशी ही साधी चाल मूर घेतो आणि बेथोव्हेनच्या सोनाटाच्या भारदस्त थाटात तिचा विस्तार करतो. खरी गंमत शेवटाला आहे. पाश्चात्य संगीतात रचना संपवताना काही ठरावीक स्वरमेळ येतात. ते कानावर पडले की ऐकणारा ओळखतो, आता समाप्ती. आमच्या गावच्या भजनात पखवाजवाला तिहाई घेतो आणि समेवर सगळ्यांच्या माना एकदम हलतात, तसेच काहीसे. मूर त्या समेवर येतो, लोक टाळ्यांसाठी हात उचलतात, तोच त्याची बोटे पुन्हा धावू लागतात. पुन्हा शेवट, पुन्हा सुरुवात. चेहऱ्यावर भाव असा, की मी थांबायला तयार आहे हो, पण हे संगीत मला सोडत नाही! मला पाश्चात्य संगीतातले ओ की ठो कळत नाही. तरी मी हसलो. कारण सम चुकल्याची हुरहूर कोणत्याही कानाला कळते.

पण ही सम चुकवणे सोपे नाही. जो अचूक समेवर येऊ शकतो त्यालाच ती अशी हुलकावणी देता येते. म्हणून मी मूरचे चरित्र शोधून वाचले.

१९ एप्रिल १९३५ रोजी लंडनमध्ये त्याचा जन्म झाला. पावले जन्मतःच वाकडी. लहानपणी शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तरी डावा पाय खुरटलेला आणि आखूड राहिला तो राहिलाच. वडील रेल्वेत वीजतंत्री. घर डॅगनमला, म्हणजे फोर्डच्या मोटार कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या कामगारवस्तीत. शाळेत चिडवणाऱ्या पोरांना आपणच आधी हसवावे, हा बचाव त्याने तेथेच शोधला. दुसरा आसरा संगीताचा. चर्चच्या गायनवृंदात गाणे, गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिक्षण, आणि पुढे ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात ऑर्गनवादनाची शिष्यवृत्ती. येथे मी वाचता वाचता थांबलो. चर्चचा मोठा ऑर्गन हातांनी वाजतो तसा पायांनीही वाजवावा लागतो. खाली लाकडी पट्ट्यांची वेगळी ओळच असते. सगळ्या वाद्यांमधून या मुलाने दोन्ही पाय मागणारे वाद्य हाती घेतले!

ऑक्सफर्डमध्ये श्रीमंत घरांतली, सफाईने बोलणारी मुले पाहून तो बुजून गेला होता. हे मला कोणी समजावून सांगायला नको. प्रथम वर्षात वर्गात उत्तर द्यायला उभा राहिलो की माझ्या ‘न’ आणि ‘ण’कडे मागच्या बाकांचे कान लागलेले असत.

१९६० साली एडिंबरो महोत्सवासाठी ऑक्सफर्डचे दोन आणि केंब्रिजचे दोन असे चार तरुण एकत्र आले : ॲलन बेनेट, मूर, पीटर कुक आणि जोनाथन मिलर. ‘बियाँड द फ्रिंज’ हा त्यांचा कार्यक्रम. त्यांनी पंतप्रधानांची नक्कल केली, धर्मोपदेशकांना सोडले नाही, युद्धातल्या शौर्यकथांचीही टर उडवली. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कही त्यांनी गाजवले. बाकीचे तिघे शब्दांचे कसबी; मूरचे मुख्य शस्त्र पियानो.

१९६५ पासून बी.बी.सी.वर ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ ही मालिका आली. डोक्याला सपाट टोप्या घालून कुक आणि मूर ‘पीट आणि डड’ होत आणि कला, स्वर्ग असल्या गहन विषयांवर अगाध अज्ञानाने गप्पा मारत. त्यांची बोली डॅगनमची होती. ज्या बोलीमुळे मूर ऑक्सफर्डमध्ये संकोचला, तीच आता देशाला हसवीत होती. मला मात्र येथे एक शंका येते. कुकचे वडील वसाहतींच्या सरकारी सेवेतले, शिक्षण बड्या शाळेतले. त्याच्या तोंडी ही बोली म्हणजे सोंग. मूरच्या तोंडी ती आईबापांची भाषा. हसणारे लोक डॅगनमला हसत होते की डॅगनमबरोबर? कुक ऐनवेळी भलतेच वाक्य टाकी आणि मूर हसू दाबताना लाल होई. ते हसू पाहिले की माझी शंका थोडी निवळते. पण पुरती जात नाही. या मालिकेच्या पुष्कळ ध्वनिचित्रफिती बी.बी.सी.ने पुढे पुसून टाकल्या. मूळचे नाटक संहितेतून पुन्हा उभे करता येते. ते हसू कोठून आणणार?

या जोडीचा एक प्रसंग फार गाजला. टारझनच्या भूमिकेसाठी एक पाय असलेला उमेदवार येतो. तो मूर. लंगडत लंगडत उड्या मारतो, आणि कुक त्याला अतिशय सभ्यपणे सांगतो की, भूमिकेला एक पाय कमी पडतो आहे. कुकने हा प्रसंग मूरशी ओळख होण्यापूर्वी, विद्यार्थिदशेतच लिहिला होता. तरीही आखूड पायाच्या माणसाने तो रात्रीमागून रात्री करावा, याला काय म्हणावे? आमच्या वर्गात याला क्रौर्य म्हणणारे निघाले. मी तसे म्हणणार नाही. शाळेत दुसरे हसत. येथे केव्हा हसायचे ते तो ठरवीत होता.

हॉलिवूडचा भाग थोडक्यात आटपतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. ‘टेन’ (१९७९) मध्ये तो संगीतकाराच्या भूमिकेत होता. ‘आर्थर’ (१९८१) मधल्या दारुड्या श्रीमंताने त्याला ऑस्करचे नामांकन मिळवून दिले. त्यानंतरचे बरेच चित्रपट पडले. मला ‘बिडॅझल्ड’ (१९६७) अधिक जवळचा वाटतो. त्यात अभिनय त्याचा आणि संगीतही त्याचेच. १९९१ मध्ये जॉर्ज शोल्टी या थोर संगीतसंचालकाबरोबर त्याने दूरदर्शनवर वाद्यवृंदाची ओळख करून देणारी मालिका केली. तेथे त्याला कोणाची थट्टा करावी लागली नाही.

पुढे तो चालताना तोल जाऊ लागला, जीभ अडखळू लागली. लोक म्हणाले, आर्थर खऱ्या आयुष्यातही पितो. १९९९ साली उघड झाले की, त्याला मेंदूचा एक दुर्मिळ, असाध्य विकार जडला आहे. त्यात तोल, वाणी, बोटांवरचा ताबा हळूहळू जातो. पियानो सुटला. नोव्हेंबर २००१ मध्ये ‘सी.बी.ई.’ हा किताब स्वीकारायला तो बकिंगहॅम राजवाड्यात चाकांच्या खुर्चीतून गेला, तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. २७ मार्च २००२ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी येथे तो वारला. वय ६६.