विरोधाभास

विद्यार्थी मित्रांनो, पुढील वाक्य नीट वाचा : 'मी घाई केली, म्हणून मला उशीर झाला.' पहिल्यांदा वाचताना हे वाक्य चुकीचे वाटते. घाई करणारा माणूस लवकर पोहोचायला हवा. पण हा मुलगा घाईत दप्तर घरीच विसरला. ते आणायला अर्ध्या वाटेवरून परत गेला आणि शाळेत उशिरा आला. आता वाक्य पटले ना?

अशा बोलण्याला मराठीत 'विरोधाभास' म्हणतात. विरोध आणि आभास हे दोन शब्द मिळून हा शब्द तयार झाला आहे. आभास म्हणजे नसलेली गोष्ट असल्यासारखी वाटणे. वरवर पाहता विरोध दिसतो, पण विचार केला की तो नाहीसा होतो. उर्दूत याला 'कौल-ए-मुहाल' म्हणतात. 'तजाद' मात्र वेगळा. दिवस-रात्र, सुख-दुःख असे विरुद्ध अर्थाचे शब्द जवळजवळ आले की तजाद होतो.

प्रत्येक विचित्र वाक्य म्हणजे विरोधाभास नव्हे. 'हे दार उघडे आहे आणि त्याच वेळी पूर्ण बंदही आहे,' असे कोणी म्हटले तर ती विसंगती होय. मग फरक कसा ओळखावा? 'हे कसे काय?' असा प्रश्न विचारावा. पटणारे उत्तर मिळाले, तर तो विरोधाभास समजावा.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचेच पाहा. येथे पाऊस कमी पडतो. उसाला पाणी भरपूर लागते. तरीही साखर कारखान्यांच्या बाबतीत हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. हे कसे काय? भीमा नदी सह्याद्रीत उगम पावते. तिकडे मुसळधार पाऊस पडतो. ते पाणी उजनी धरणात साठते आणि कालव्यांनी शेतापर्यंत येते. पाऊस पडतो एकीकडे आणि ऊस पिकतो दुसरीकडे! पण जेथे कालवा पोहोचत नाही, तेथे दुष्काळात पिण्याच्या पाण्याचीही वाट पाहावी लागते.

आता इतिहासातील एक उदाहरण पाहू. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली. सोलापुरातील गिरणी कामगार आणि नागरिक रस्त्यावर उतरले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. लोक इतके खवळले की काही दिवस शहरावर इंग्रजांची सत्ता उरली नाही. मग सरकारने लष्करी कायदा पुकारला. नाव कायद्याचे, पण नेहमीचे कायदे त्याने बाजूला सारले! हाही विरोधाभासच नाही का?

पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. या चौघांचे नाव पुसले जावे, लोकांनी भिऊन गप्प बसावे, असे सरकारला वाटत होते. घडले उलटेच. ज्या फाशीने त्यांचे प्राण घेतले, त्याच फाशीने त्यांना अमर केले. आज सोलापुरात त्या चार हुतात्म्यांचे पुतळे उभे आहेत. चौघांची घरे वेगळी, समाज वेगळे. पण आपण त्यांची नावे एका दमात घेतो.

'ते मेले आणि अमर झाले' हे वाक्य आता तुम्हांला चुकीचे वाटेल का? शरीर मरते, आठवण मरत नाही. म्हणून मित्रांनो, एखादे वाक्य विचित्र वाटले तर लगेच खोडू नका. क्षणभर थांबा आणि विचारा, 'हे कसे काय?'

शब्दार्थ
विसंगती – मेळ नसणे
खवळणे – खूप रागावणे
हुतात्मा – शहीद

स्वाध्याय
१. विरोधाभास आणि विसंगती यांतील फरक सांगा.
२. इंग्रज सरकारला काय वाटत होते आणि काय घडले?
३. घरातील किंवा बाजारातील एक विरोधाभास शोधून तीन वाक्ये लिहा.
४. 'मी आता खोटे बोलत आहे.' हे वाक्य खरे की खोटे? वर्गात चर्चा करा.