निवृत्तिवेतन : हक्क आणि व्यवस्था

हात थकले तरी पोट थकत नाही. म्हणून कष्टकऱ्याच्या उतारवयाची तरतूद त्याच्या कमावत्या काळातच करावी लागते. या विचारातून भारतात १६ नोव्हेंबर १९९५ रोजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. मालकाच्या वर्गणीचा काही भाग तिच्या निधीत जमा होऊ लागला. किमान दहा वर्षे सेवा केलेल्या सभासदाला वयाच्या ५८व्या वर्षापासून निवृत्तिवेतन देण्याची तरतूद झाली. नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आल्यास दहा वर्षांची अट ठेवलेली नाही. एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरते.

परंतु हक्क मंजूर होणे आणि पैसा हाती पडणे यांत अंतर असते. पूर्वी प्रत्येक विभागीय कार्यालयाचा करार मोजक्याच बँकांशी असे. सुरतेत निवृत्त होऊन खानदेशातील गावी परतणाऱ्या कामगाराची कागदपत्रे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवावी लागत. जानेवारी २०२५पासून देशातील कोणत्याही बँकेत निवृत्तिवेतन मिळण्याची सोय झाली.

निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभराच्या श्रमाने बोटांच्या रेषा झिजल्या, की यंत्राला ठसा ओळखता येत नाही. त्यासाठी पुढे चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचा मार्ग खुला झाला.

अडचणी संपल्या, असे मात्र नाही. २०१४मध्ये किमान निवृत्तिवेतन दरमहा १००० रुपये ठरले. महागाईच्या मानाने ते अपुरे असल्याने वाढीची मागणी होत राहिली. शिवाय नावात किंवा जन्मतारखेत तफावत असली, की अर्ज अडतो. म्हणून आपल्या नोंदी नोकरीत असतानाच तपासून घेणे प्रत्येक कामगाराच्या हिताचे असते.