आधी मासा बघ, मग पटाशी धर

बाय, लाकडाचा मासा करायचा म्हणतेस, तर पहिला बांगडाच कर. पापलेट सोपं दिसतं, पण इतकं चपटं काम नवख्या हाताला जमत नाही. बांगडा वीतभर, दोन्ही टोकांना निमुळता, आणि सहज मिळणारा.

बाजारातून ताजा बांगडा आण. नुसत्या फोटोवरून कोरू नको, फोटोत जाडी कळत नाही. कागदावर आडवा ठेवून पेन्सिल फिरव, मग पाठीकडून बघून वरचा आकार काढ. हा दुसरा आकार राहिला की माशाची फळी होते. कल्ल्यांच्या जरा मागे अंग भरलेलं, शेपटीच्या मुळाशी अगदी बारीक, हे बोटांनी चाचपून घे.

सावंतवाडीच्या चितारआळीत खेळण्यांना पूर्वापार पांगारा चालत आला, हलका आणि मऊ म्हणून. शिवण मिळाली तर तीही चांगली. लाकूड मात्र वाळलेलं हवं. ठोकळा दर आठवड्याला तराजूत घाल. वजन उतरायचं थांबलं की वाळला समज. वाळताना दोन्ही टोकांना मेण फासून ठेव, तडे तिथूनच जातात.

मऊ लाकडाला बोथट पटाशी चालते, या भ्रमात राहू नको. बोथट पटाशी कापत नाही, तंतू चेपते, आणि तो चट्टा रंगातूनही दिसतो. काम थांबवून धार लावण्यात वेळ वाया जात नाही.

लाकडाची रेष तोंडाकडून शेपटीकडे जाऊ दे. ठोकळा शेगड्यात आवळ. एका हातात लाकूड, दुसऱ्यात पटाशी असला खेळ नको. पोटाच्या फुगीर भागाकडून टोकांकडे उतरत ये. उलट चढलीस तर ढलपी उचकटते. पाठीवर आणि पोटावर मधली रेघ आख नि शेवटपर्यंत राख. दोन्ही अंगं तिच्यावरूनच जुळवायची. कल्ल्यांजवळचे पर अंगातून कोरू नको, आडव्या रेषेमुळे मोडतात. वेगळे करून खाचेत फेविकॉलने बसव.

घासायला ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर, याच क्रमाने. तोंडाला फडकं बांध. शेवटी ओल्या कापडाने पूस. उठलेले तंतू वाळले की पुन्हा २२० फिरव.

रंगाआधी पांढऱ्या अस्तराचे दोन पातळ हात. पोट चंदेरी, पाठ निळसर हिरवी. दोन्हींची सीमा ओल्या ब्रशने विरवून टाक, तिथे रेघ दिसली की मासा खोटा वाटतो. पाठीकडे बारीक गडद पट्टे, कल्ल्यामागच्या पराखाली एक काळा ठिपका. शेपटीआधी वर-खाली पाच-पाच छोटे पर असतात, ते मोजून काढ. डोळा सर्वांत शेवटी. पॉलिश पावसाळ्यात करू नको, दमट हवेत त्यावर पांढरी झाक येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी. मासा लहान मुलाच्या हाती जाणार असेल, तर शिसं नसलेलाच रंग घे आणि चिकटवलेले पर लावू नको.

आणि एक ध्यानात ठेव. चुकलेला आकार रंगाने झाकत नाही, उलट उठून दिसतो. म्हणून एकाच मापाचे तीन बांगडे कोर, उन्हात शेजारी ठेवून बघ, आणि त्यातला बरा असेल तेवढाच रंगव.