लहरींचा जमाखर्च

ज्याची मिळकत ठरलेली असते, त्याला प्रत्येक खर्च विचारपूर्वक करावा लागतो. घर शाकारण्यास पैसे अधिक लागले, तर सणाच्या कपड्यांत काटकसर करावी लागते. कपड्यांवर अधिक खर्च केला, तर छप्पर गळत राहते. हा नियम केवळ संसारालाच लागू आहे असे नाही. क्षणार्धात दूरवर जाणाऱ्या लहरींनाही तो लागू पडतो. एखाद्या लहान शहराला स्वतःची दूरचित्रवाहिनी हवी असेल, तर अभियंत्यांना असाच जमाखर्च मांडून बसावे लागते. इंग्लंडमधील एका बंदराची हकीकत पाहिली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर नावाची रुंद खाडी आहे. तिच्या दक्षिण तीरावर, मुखाजवळ, ग्रिम्सबी हे शहर वसलेले आहे. एके काळी मासेमारीचे मोठे बंदर म्हणून त्याची ख्याती होती. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी या शहराच्या परिसरासाठी एक स्थानिक दूरचित्रवाहिनी सुरू झाली. ब्रिटनने स्थानिक वाहिन्यांची जी नवी योजना आखली होती, तिच्यातील ही पहिली वाहिनी होय. मोठमोठी केंद्रे देशाची व जगाची वार्ता देत असत. परंतु गोदीत काय चालले आहे, नगरसभेने कोणता ठराव केला, शाळेच्या संघाने सामना जिंकला की नाही, हे सांगण्यास त्यांना सवड कोठून असणार? गावची गोष्ट गावाने सांगावी, हा या योजनेचा हेतू होता. हेतू चांगला होता. पण ती गोष्ट घरोघरी पोचवायची कशी, हा प्रश्न सोपा नव्हता.

अंकीय प्रक्षेपणात चित्र व ध्वनी यांचे प्रथम शून्य आणि एक या दोनच अंकांत रूपांतर करतात. या अंकांची अखंड मालिका उंच मनोऱ्यावरून लहरींच्या द्वारे सोडली जाते. घरावरचा अँटेना ती झेलतो, आणि दूरचित्रवाणी संच त्या अंकांतून पुन्हा चित्र व ध्वनी निर्माण करतो. या कामासाठी ब्रिटनमध्ये प्रत्येक प्रक्षेपकास ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा मिळतो. तो मनास येईल तसा रुंद करता येत नाही. कारण शेजारच्या पट्ट्यांत दुसऱ्या कोणाचे तरी प्रक्षेपण चाललेले असते. ही झाली अभियंत्याची ठरलेली मिळकत.

या एका पट्ट्यात ६,८१७ सूक्ष्म वाहक लहरी शेजारी शेजारी बसवता येतात. त्यांतील बहुतेक लहरी अंक वाहून नेतात. प्रत्येक लहर एका वेळी एकच खूण नेते. पण त्या खुणेत किती अंक भरावेत, हे अभियंत्याच्या हाती असते. हे समजण्यासाठी रांगोळीच्या ठिपक्यांचे उदाहरण घेऊ. एका पाटावर चारच ठिपके काढले, तर ते चार कोपऱ्यांत एकमेकांपासून चांगले दूर राहतील. चारांपैकी कोणता ठिपका पाठवला, एवढे कळले की दोन अंक मिळतात: शून्य-शून्य, शून्य-एक, एक-शून्य किंवा एक-एक. आता त्याच पाटावर आठ ओळींत आठ-आठ असे चौसष्ट ठिपके काढले, तर एका ठिपक्यातून सहा अंक पाठवता येतील. काम तिप्पट झाले! परंतु पाट तेवढाच राहिल्यामुळे ठिपके अगदी जवळ जवळ आले. वाऱ्याची लहानशी झुळूक आली, तरी एका ठिपक्याची रांगोळी दुसऱ्यावर जाऊन बसेल आणि कोणता ठिपका कोणता, हे ओळखणे कठीण होईल.

लहरींच्या बाबतीत ही झुळूक म्हणजे व्यत्यय. अंतर वाढत जाते तशी लहर क्षीण होते, टेकड्या तिला अडवतात, विजेची यंत्रे तिच्यात खरखर मिसळतात. चौसष्ट ठिपक्यांचा संदेश बिनचूक वाचण्यासाठी चार ठिपक्यांच्या संदेशापेक्षा दहापटींहूनही अधिक प्रबळ लहर लागते. बाकीची व्यवस्था समान ठेवली, तर चौसष्ट ठिपक्यांच्या पद्धतीने सेकंदास सुमारे २ कोटी ४० लाख अंक जातात; चार ठिपक्यांच्या पद्धतीने जेमतेम ८० लाख. एकीकडे भरपूर माल, पण जवळच्यांपुरता. दुसरीकडे थोडा माल, पण दूरवर पोचणारा. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

येथे अंकीय प्रक्षेपणाचा एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. जुन्या पद्धतीत लहर दुबळी झाली, म्हणजे चित्रावर मुंग्या धावू लागत. तरीही काय चालले आहे ते दिसत असे. अंकीय चित्राचे तसे नसते. विस्तीर्ण पठारावरून चालताना जमीन सपाट लागावी आणि एकाएकी पुढे कडा यावा, तसा हा प्रकार आहे. विशिष्ट मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ असते. ती मर्यादा ओलांडली, की त्याचे चौकोनी तुकडे पडतात, ते गोठते आणि नाहीसे होते. म्हणून प्रक्षेपणाच्या सीमेवर राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ठिपक्यांची निवड हा लहानसा प्रश्न नव्हे. पाहायला मिळणार की नाही, हेच तीवरून ठरते.

ब्रिटनला याचा अनुभव पूर्वीच आला होता. तेथे १९९८ साली अंकीय भूप्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा जुनी प्रक्षेपणेही चालू होती. त्यांना उपद्रव होऊ नये म्हणून नव्या प्रक्षेपकांची शक्ती कमी ठेवावी लागली. आणि वाहिन्या तर पुष्कळ हव्या होत्या, म्हणून चौसष्ट ठिपक्यांची दाट पद्धत वापरली गेली. परिणामी अनेक घरांत चित्र वारंवार तुटू लागले. पुढे २००२ च्या ऑक्टोबरात फ्रीव्ह्यू ही विनामूल्य सेवा सुरू झाली. त्या वेळी काही पट्ट्यांवर सोळा ठिपक्यांची पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे सेकंदाला २ कोटी ४० लाखांऐवजी १ कोटी ८० लाख अंकच जाऊ लागले. एकचतुर्थांश जागा सोडावी लागली. पण चित्र अधिक भरवशाचे झाले. जुनी प्रक्षेपणे २०१२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली, नव्यांची शक्ती वाढवता आली, आणि मग दाट पद्धतही पुष्कळ ठिकाणी पुन्हा उपयोगी पडली.

स्थानिक वाहिन्यांची अडचण याहून बिकट होती. त्यांच्यासाठी वेगळा पट्टा राखून ठेवलेला नव्हता. शेजारच्या मनोऱ्यांचा एकमेकांस उपद्रव होऊ नये म्हणून मुख्य प्रक्षेपणात काही ठिकाणी काही पट्टे मोकळे सोडलेले असतात. त्या मोकळ्या जागांत या वाहिन्या बसवण्यात आल्या. शेताच्या बांधावर तूर लावणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या पिकांना धक्का लागू देता कामा नये, तसेच हे होते. यास्तव शक्ती बेताची ठेवणे आणि काही दिशांना लहरी कमी सोडणे भाग पडले. शक्ती थोडी, दिशा मर्यादित. अशा स्थितीत दूरच्या घरापर्यंत पोचायचे कसे? अभियंत्यांनी उत्तर दिले: चारच ठिपके काढावेत. अंक कमी गेले तरी चालतील, पण जे जातील ते बिनचूक पोचावेत.

जमाखर्चाच्या आणखी दोन बाबी आहेत. पहिली संरक्षक अंकांची. वाटेत काही अंक बिघडणारच, हे गृहीत धरून मूळ संदेशाबरोबर जादा अंक पाठवतात. त्यांच्या साहाय्याने संच चुका शोधून सुधारतो. तीन अंकांतील एक संरक्षणासाठी ठेवला, तर संदेशासाठी दोनच उरतात. पहारेकरी वाढवले की प्रवाशांची जागा कमी होते.

दुसरी बाब प्रतिध्वनीची. लहरी डोंगरांवर व उंच इमारतींवर आपटून परततात आणि मूळ लहरीच्या मागाहून घरी पोचतात. त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येक खुणेपूर्वी थोडा राखीव काळ सोडतात. ६,८१७ लहरींच्या पद्धतीत एक खूण ८९६ मायक्रोसेकंद टिकते. राखीव काळ तिच्या बत्तिसाव्या भागाइतका, म्हणजे २८ मायक्रोसेकंद ठेवला, तर सुमारे ८ किलोमीटर अधिक फिरून आलेली लहरही निरुपद्रवी ठरते. तो चौथ्या भागाइतका ठेवला, तर हे अंतर सुमारे ६७ किलोमीटरपर्यंत वाढते. पण एकूण वेळेचा पाचवा हिस्सा स्वस्थ बसण्यात जातो. अनेक मनोरे एकाच पट्ट्यावर बोलत असतील, तर हा मोठा खर्च सोसावा लागतो. एकाच मनोऱ्यावरून बोलणाऱ्या केंद्राला लहान काळ बहुधा पुरतो.

एवढी काटछाट करून उरलेल्या अंकांत चित्र मावणार कसे? साधे दूरचित्र जसेच्या तसे पाठवायचे, तर सेकंदास १६ कोटींहून अधिक अंक लागतील. म्हणून चित्राचा संक्षेप करतात. वृत्तनिवेदकाच्या मागची भिंत बदलत नाही. ती पुन्हा पुन्हा पाठवण्याचे कारण नाही. जे बदलले तेवढेच पाठवले, तर थोडक्या अंकांत काम भागते. फुटबॉलच्या सामन्यात मात्र सारेच क्षणोक्षणी बदलते. तेथे अंक अपुरे पडले, तर चित्र खडबडीत दिसू लागते. त्यामुळे या पट्ट्यावर स्थानिक वाहिनीबरोबर आणखी थोड्याच वाहिन्यांना जागा मिळू शकली. त्यांचे भाडे प्रक्षेपणाच्या खर्चास हातभार लावणारे होते. अधिक वाहिन्या घेतल्या असत्या, तर भाडे वाढले असते. पण प्रत्येकीचे चित्र मात्र खालावले असते.

त्या वेळी अधिक कार्यक्षम अशी नवी प्रक्षेपणपद्धतीही ब्रिटनमध्ये आलेली होती. ती का स्वीकारली नाही? कारण तिच्यासाठी नवा संच लागला असता. ज्यांच्या घरी जुना संच होता, त्यांच्यापर्यंत गावची वार्ता पोचली नसती. ज्यांच्यासाठी वाहिनी काढायची, त्यांनाच बाहेर ठेवण्यात शहाणपण नव्हते.

अशा रीतीने हिशेब जुळला आणि अनेक शहरांत स्थानिक वाहिन्या सुरू झाल्या. मनोऱ्यांवरील यंत्रसामग्रीसाठी दूरचित्रवाणीच्या परवाना-शुल्कातून २ कोटी ५० लाख पौंडांपर्यंत रक्कम देण्याचे ठरले होते. तरीही सर्व वाहिन्या टिकल्या नाहीत. काहींची मालकी बदलली. लंडनची वाहिनी २०१४ साली सुरू झाली आणि २०२५ च्या जानेवारीत बंद पडली. लहर घरापर्यंत पोचवणे हे अभियंत्याचे काम. पण रोज नवी, खरी व उपयुक्त वार्ता गोळा करणे, आणि त्यासाठी माणसे व पैसा उभा करणे, हे कोणत्याही मनोऱ्याला साधणारे काम नव्हे.

म्हणून विज्ञानात ‘सर्वांत उत्तम पद्धत कोणती?’ असा प्रश्न विचारून भागत नाही. ‘कोणासाठी? आणि त्याकरिता काय सोडण्याची तयारी आहे?’ हेही विचारावे लागते. हंबरच्या तीरावरील त्या वाहिनीने चौसष्ट ठिपक्यांचा मोह सोडून चार ठिपके पत्करले. कारण मनोऱ्यापासून दूर असलेले घरही तिला आपलेच मानायचे होते.

स्वाध्याय

१. स्थानिक दूरचित्रवाहिन्या सुरू करण्यामागे कोणता हेतू होता?
२. चार ठिपके व चौसष्ट ठिपके या दोन पद्धतींतील लाभ व हानी सांगा.
३. ‘पहारेकरी वाढवले की प्रवाशांची जागा कमी होते.’ हे वाक्य कशास उद्देशून आले आहे? स्पष्ट करा.
४. बांधावरील तुरीचे उदाहरण स्थानिक वाहिन्यांना कसे लागू पडते?
५. तुमच्या गावासाठी अशी वाहिनी काढायची झाल्यास तुम्ही चित्राच्या सुबकतेला अधिक महत्त्व द्याल, की दूरच्या वाडीवस्तीपर्यंत पोचण्याला? कारणे देऊन दहा ओळी लिहा.