बाळाच्या हाती मोबाइल



हातखंब्याच्या वाड्यांमध्ये फिरताना आया आम्हाला कौतुकाने सांगतात, "बाळ अजून बोलत नाही, पण मोबाइलवर गाणं स्वतः लावतं." 2020 साली शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाइलवर आलं आणि ज्या घरी मोबाइल नव्हता तिथली मुलं मागे पडली. तेव्हापासून मोबाइल म्हणजे शिक्षण, असं आपल्या मनात बसलं. आठवीतल्या मुलासाठी ते काही अंशी खरं आहे. दीड वर्षाच्या बाळासाठी नाही.

बाळ बोलायला कसं शिकतं? ते "ब्बा" म्हणतं. आई त्याच्याकडे बघून विचारते, "बाबा हवेत?" बाळ पुन्हा आवाज काढतं. असं रोज घडतं, तेव्हा शब्द येतो. मोबाइलवरचं गाणं मात्र बाळासाठी थांबत नाही. मुंबईच्या आजोबांचा व्हिडिओ कॉल चालेल, कारण आजोबा उत्तर देतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा सल्ला असा:
• 2 वर्षं पूर्ण होईपर्यंत मोबाइल, टीव्ही नको.
• 2 ते 4 वर्षं : दिवसाला जास्तीत जास्त एक तास. कमी तितकं चांगलं.

हा एक तासही मोठ्यांनी सोबत बसून, बोलत-विचारत दाखवावा.

मजुरीवरून येऊन चूल पेटवणाऱ्या आईला आम्ही दोष देत नाही. एवढं मात्र सगळ्या घराने करावं :
• स्वयंपाकाच्या वेळी बाळाला डबे, चमचे, करवंट्या द्या. काम करता करता त्याच्याशी बोला.
• भरवताना मोबाइल बंद. पडद्यात गुंतलेल्या बाळाला पोट भरल्याचं कळत नाही.
• झोपण्याआधी तासभर मोबाइल नको.
• बाबा, आजी, मोठी भावंडं यांनीही बाळाला वेळ द्यावा.
• तीन वर्षं झाली की रोज अंगणवाडीत पाठवा.

दोन वर्षांचं मूल "आई पाणी" असे दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर "मोबाइलमुळे असेल, बोलेल उशिरा" म्हणून थांबू नका. आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मोफत तपासणीला येतं. तोवर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आठवडाभर जेवताना मोबाइल बंद ठेवून बघा. काय फरक पडला, ते रविवारी विहारात आम्हाला सांगा.